ग्रंथालयांच्या अनुदानाचा प्रश्न आमदारांकडे कसा न्यावा?

आपल्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे : आपण एका मोठ्या गावातील ‘क’ वर्ग (शासनाच्या ‘अ’ ते ‘ड’ या वर्गवारीतील तिसऱ्या वर्गाच्या) सार्वजनिक वाचनालयाचे कार्यवाह आहात. गेली काही वर्षे आपण मतदारसंघाच्या आमदारांना अनुदानवाढीची निवेदने देत आहात. ती आपुलकीने स्वीकारली जातात, छायाचित्र निघते, वर्तमानपत्रात चार ओळी येतात आणि पुढे काहीच घडत नाही. म्हणून लोकप्रतिनिधींपुढे हा विषय कसा मांडावा, आणि शेजारच्या कर्नाटकाप्रमाणे ग्रंथालय कर लावण्याची मागणी करावी का, असे दोन प्रश्न आपण विचारले आहेत. जिल्हा ग्रंथालय संघाच्या कामात दीर्घकाळ असल्यामुळे या दोन्ही प्रश्नांशी माझा सतत संबंध आला आहे. त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

आमदार निवेदन वाचत नाहीत किंवा त्यांना ग्रंथालयांविषयी आस्था नाही, असे मला वाटत नाही. अडचण वेगळी आहे. आमदारांच्या हाती ठरावीक साधने असतात : सभागृहातला प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्थसंकल्पावरील भाषण, विभागांच्या खर्चाच्या मागण्यांवरील कपात सूचना, अशासकीय (म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेला) ठराव किंवा विधेयक, मंत्र्यांकडे बैठकीची मागणी, जिल्हा नियोजन समितीतील आग्रह आणि स्वतःचा स्थानिक विकास निधी. आपले निवेदन यांपैकी कोणत्याच साधनात सरळ वापरता येण्यासारखे नसेल, तर स्वीय सहायक त्यावर ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा मारून ते विभागाकडे पाठवतो आणि विभाग ते नोंदीला घेऊन थांबतो. ‘ग्रंथालयांचे अनुदान तातडीने तिप्पट करावे, सेवकांना वेतनश्रेणी लागू करावी, इमारतीसाठी निधी द्यावा, संगणक मिळावेत’ अशा चार-पाच मागण्या एकाच कागदावर असतात तेव्हा तर हमखास असेच होते, कारण त्यांतील एक मागणी वित्त विभागाची, दुसरी धोरणात्मक, तिसरी जिल्ह्याच्या पातळीवरची आणि चौथी केंद्र-राज्य योजनेची असते, आणि हे वर्गीकरण करून देण्याचे काम आमदारांच्या कार्यालयात कोणी करणार नाही. ते आपणच करून न्यायला हवे.

त्यासाठी प्रथम पैसा कोठून येतो हे नीट समजून घ्या. ग्रंथालये हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीचा विषय आहे, त्यामुळे आपली मुख्य मागणी खासदारांकडे नेण्यात अर्थ नाही. आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, 1967 लागू आहे, 1968 पासून ग्रंथालय संचालनालय काम करते आणि 1970 च्या नियमांनुसार शासनमान्य ग्रंथालयांना वर्गवारीप्रमाणे परिरक्षण अनुदान, म्हणजे ग्रंथालय चालवण्यासाठीचे वार्षिक अनुदान, मिळते. हा सगळा कारभार उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या अखत्यारीत येतो, शालेय शिक्षण किंवा मराठी भाषा विभागाच्या नव्हे. हे मुद्दाम सांगतो, कारण पत्र चुकीच्या विभागाकडे गेल्यामुळे महिने वाया गेल्याची उदाहरणे मी अनेक पाहिली आहेत. अर्थसंकल्पात ही रक्कम ‘2205, कला व संस्कृती’ या मुख्य लेखाशीर्षाखाली ‘105, सार्वजनिक ग्रंथालये’ या गौण शीर्षात दाखवलेली असते. आपल्या कागदावर हे दोन आकडे असले, तर आमदारांच्या कार्यालयातील अभ्यासू सहायक पाच मिनिटांत अर्थसंकल्पीय पुस्तिकेतले ते पान काढतो आणि गेल्या वर्षीची तरतूद, सुधारित अंदाज व चालू वर्षाची तरतूद शेजारी शेजारी ठेवून पाहू शकतो. त्याला ते पान सापडले की अर्धे काम झाले असे समजा.

आता प्रत्यक्ष आकड्यांकडे येऊ, कारण या विषयातील सर्वांत बळकट युक्तिवाद तिथेच आहे आणि आपण तोच सहसा मांडत नाही. तालुका किंवा जिल्ह्याचा दर्जा नसलेल्या ‘क’ वर्ग ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान 2012 च्या दरांनुसार 96,000 रुपये होते आणि ‘ड’ वर्गाचे 30,000 रुपये. त्यानंतर दहा वर्षे हे दर तसेच राहिले. 2022 च्या अखेरीस राज्य मंत्रिमंडळाने 60 टक्के वाढीचा निर्णय घेतला आणि ‘क’ वर्गाचे अनुदान 1,53,600 रुपये, तर ‘ड’ वर्गाचे 48,000 रुपये झाले. या निर्णयाचे आपण सर्वांनी स्वागत केले आणि ते योग्यच होते. परंतु 2012 साली 100 धरलेला ग्राहक मूल्य निर्देशांक 2022 च्या अखेरीस 170 च्या पुढे गेला होता. याचा अर्थ 2012 मधील 30,000 रुपयांची खरेदीशक्ती टिकवण्यासाठीच त्या वेळी 51,000 रुपयांहून अधिक रक्कम लागत होती. म्हणजे साठ टक्के वाढ मिळाल्यानंतरही ग्रंथालयाच्या हातात दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमीच पैसे आले, आणि त्यानंतर महागाई काही थांबलेली नाही. हा मुद्दा कोणाही आमदारांना एका वाक्यात सांगता येतो, त्यात कोणत्याही सरकारवर आरोप नाही आणि सत्ताधारी बाकांवरचे सदस्यही तो संकोच न करता मांडू शकतात.

याच आकड्यांची दुसरी बाजू सेवकांची आहे. अनुदानातील निम्मी रक्कम वेतनासाठी आणि निम्मी वेतनेतर खर्चासाठी वापरायची, असे साधारण प्रमाण ठरलेले आहे. म्हणजे 2022 च्या दरांनुसार ‘ड’ वर्गाच्या 48,000 रुपयांतील 24,000 रुपये वर्षाच्या वेतनाचे, अर्थात महिन्याला 2,000 रुपये. आपल्या ‘क’ वर्गात 76,800 रुपये, म्हणजे महिन्याला 6,400 रुपये, आणि त्यातूनच ग्रंथपाल व असलाच तर एखादा सेवक यांचे भागवायचे. उरलेल्या निम्म्या रकमेत पुस्तके, वर्तमानपत्रे, नियतकालिके, वीजबिल, जागेचे भाडे, बांधणी, लेखापरीक्षकाची फी हे सगळे बसवायचे असते. राज्यात शासनमान्य ग्रंथालयांची संख्या अकरा हजारांहून अधिक आहे आणि त्यांतील बहुसंख्य ‘क’ आणि ‘ड’ वर्गातील आहेत. तेव्हा हा एखाद्या गावाचा अपवादात्मक हाल नसून व्यवस्थेचा सर्वसाधारण नियम आहे. ‘ग्रंथपालाला महिन्याला दोन हजार रुपये’ हे वाक्य मी अनेक लोकप्रतिनिधींसमोर उच्चारले आहे आणि बहुतेकांनी ते खरे आहे का, असे पुन्हा विचारले आहे. त्यांनी विचारले की त्याच क्षणी अनुदान मंजुरीच्या आदेशाची प्रत त्यांच्यापुढे ठेवता आली पाहिजे. ती प्रत नेहमी बरोबर ठेवा.

यानंतरचा प्रश्न वेळेचा. आपली बहुतेक निवेदने फेब्रुवारी-मार्चमध्ये, अर्थसंकल्पी अधिवेशन तोंडावर आल्यावर दिली जातात. तोपर्यंत विभागाचे अंदाज तयार होऊन वित्त विभागाकडे गेलेले असतात, आणि मंत्री भाषणात सहानुभूती दाखवण्यापलीकडे फारसे काही करू शकत नाहीत. पुढील वर्षाच्या तरतुदीची जुळवाजुळव संचालनालयात आणि विभागात पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून सुरू होते. म्हणून आमदारांचे मंत्र्यांना पत्र, आणि शक्य असेल तर मंत्र्यांकडील बैठक, ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात घडवून आणणे सर्वांत उपयोगाचे ठरते. डिसेंबरमधील नागपूर अधिवेशनात प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना लागली, तर वित्त विभागाशी चालू असलेल्या चर्चेत प्रशासकीय विभागाला आधार मिळतो. मार्चमध्ये मग राहते ती मागण्यांवरील चर्चा, आणि चालू वर्षातील तूट भरून काढण्यासाठी पुरवणी मागण्या. निवडणुकांच्या आचारसंहितेचाही विचार ठेवावा लागतो. ती लागली की नव्या घोषणा थांबतात, आणि आपल्याकडे या ना त्या निवडणुकीची आचारसंहिता वारंवार लागू असते.

सभागृहातील साधनांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण ग्रंथालय चळवळीतल्या आपल्या माणसांनी हा भाग फारसा अभ्यासलेला नाही. तारांकित प्रश्नाची, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाची, सूचना अधिवेशनाच्या कित्येक आठवडे आधी द्यावी लागते, त्यामुळे अधिवेशन सुरू झाल्यावर नागपूरला किंवा मुंबईला धाव घेऊन प्रश्न लागत नाही. प्रश्नाचा मसुदा आपण तयार करून द्यावा आणि त्यात मत न मांडता माहिती मागावी : राज्यातील किती ग्रंथालयांचा चालू वर्षाचा पहिला हप्ता अद्याप मिळालेला नाही, अनुदानाचे दर शेवटचे कधी सुधारले, दरांचा नियमित फेरविचार करण्याबाबत शासनाने कोणता निर्णय घेतला आहे, नसल्यास विलंबाची कारणे काय. अशा प्रश्नाला शासनाला लेखी उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तर पुढील वर्षी आपल्या हातातला पुरावा ठरते. तोंडी चर्चेत प्रश्न पुकारला गेला नाही तरी लेखी उत्तर पटलावर येतेच, म्हणून प्रश्न चर्चेला आला नाही म्हणून निराश होऊ नका. लक्षवेधी सूचना तातडीच्या विषयासाठी असते. अनुदानाचा हप्ता अनेक महिने रखडला असेल, सेवकांचे वेतन थांबले असेल, तर ती योग्य ठरते. दरवाढीच्या सर्वसाधारण मागणीसाठी ती सहसा स्वीकारली जात नाही. आणि मंत्र्यांनी चर्चेत ‘तपासून निर्णय घेऊ’ असे जे शब्द उच्चारले असतील, ते त्याच आठवड्यात कार्यवाहीच्या नोंदींतून मिळवून ठेवा. विधिमंडळाची आश्वासन समिती मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा माग ठेवते, आणि आपल्या आमदारांनी त्या आश्वासनाचा नेमका दिनांक देऊन पत्र लिहिले, तर विभागाला उत्तर द्यावेच लागते.

विधान परिषदेकडे आपण फारच दुर्लक्ष करतो. तेथील 78 सदस्यांपैकी सात पदवीधर मतदारसंघांतून आणि सात शिक्षक मतदारसंघांतून येतात, तर बारा सदस्य साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा या क्षेत्रांतून राज्यपालनियुक्त असतात. पदवीधर मतदारसंघ अनेक जिल्ह्यांचा मिळून बनतो. त्यातील मतदार हा वाचनालयाचा सभासद किंवा अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षा दिलेला तरुण असण्याची शक्यता मोठी असते. विधानसभेच्या सदस्याला रस्ते, पाणी, पीकविमा, वीज यांच्या रेट्यात ग्रंथालयांसाठी वेळ काढणे कठीण जाते. पदवीधरांच्या आणि शिक्षकांच्या प्रतिनिधींना हा विषय आपलाच वाटतो. एकेका वाचनालयाने त्यांच्याकडे जाण्यापेक्षा मतदारसंघातील सर्व जिल्हा संघांनी एकत्र, एकाच मसुद्यासह जावे.

आमदार स्थानिक विकास निधीबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते सर्वांना रुचत नाही, याची मला कल्पना आहे. राज्यातील प्रत्येक आमदाराला वर्षाला पाच कोटी रुपयांची कामे सुचवता येतात आणि त्यातून वाचनालयाची खोली, सभागृह किंवा अभ्यासिका बांधून घेणे हा आपल्याकडील सर्वांत रूढ मार्ग आहे. जागा पडकी असेल तर तो जरूर वापरावा. पण आमदारांशी असलेल्या संबंधांचे सगळे बळ एका इमारतीवर खर्च झाले की अनुदानाचा विषय मागे पडतो, आणि नवीन इमारतीच्या फरशीवर जुन्याच पगारात तोच ग्रंथपाल बसतो, किंवा कंटाळून निघून जातो. बांधकामाचा नामफलक लागतो, उद्घाटन होते, आमदारांच्या दृष्टीने ग्रंथालयाचे काम झालेले असते. त्यानंतर वीजबिल आणि वेतन यांसाठी पुन्हा गेलो तर ‘अहो, आत्ताच तर तुम्हाला दिले’ हे उत्तर ठरलेले. म्हणून वर्षानुवर्षे लागणाऱ्या महसुली खर्चाची मागणी आधी मांडा, आणि बांधकामाची मागणी करायचीच असेल तर ती वेगळ्या वेळी, वेगळ्या पत्राने करा.

आमदारांना द्यायचा कागद कसा असावा, हेही सांगतो. तो एक पानी असावा. त्यात एकच मागणी असावी, ती ज्या विभागाकडे आणि ज्या लेखाशीर्षाखाली करायची त्याचा उल्लेख असावा, अंदाजे आर्थिक भार लिहावा आणि त्या मतदारसंघातील परिस्थिती असावी. या शेवटच्या भागासाठी थोडी मेहनत लागते. मतदारसंघात शासनमान्य ग्रंथालये किती, कोणत्या वर्गाची, कोणत्या गावांत, त्यांचे वर्गणीदार सभासद किती, बालवाचक आणि महिला किती, अभ्यासिकेत रोज किती मुले बसतात, गेल्या वर्षी अनुदानाचे हप्ते कोणत्या तारखांना जमा झाले, एवढी माहिती तालुक्यातील सर्व वाचनालयांनी मिळून गोळा करावी. राज्यात अकरा हजार ग्रंथालये आहेत हे ऐकून आमदार मान डोलावतात. पण आपल्या मतदारसंघातील अमुक इतक्या गावांत शासनाचे अनुदान घेणारे वाचनालय आहे आणि त्यांत अमुक इतकी कुटुंबे सभासद आहेत, असे गावांच्या नावांसह सांगितले की ते पुढचा प्रश्न विचारतात. ही माहिती जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात वार्षिक अहवालांतून आधीच जमा झालेली असते. ती मागून घ्यावी आणि आपल्या नोंदींशी ताडून पाहावी, कारण दोन ठिकाणी दोन आकडे असले की पहिल्याच बैठकीत आपला शब्द हलका होतो.

शिष्टमंडळात कोण असावे हा प्रश्न मला कागदाइतकाच महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे अध्यक्ष, कार्यवाह आणि दोन-तीन ज्येष्ठ विश्वस्त जातात. त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, की आमदारांना हीच मंडळी गावातील प्रत्येक कार्यक्रमात भेटत असतात. त्यांच्याबरोबर अभ्यासिकेत बसून नोकरीला लागलेली एखादी मुलगी, मुलांना घेऊन नियमित येणारी आई, निवृत्त शिक्षक, आणि प्रत्यक्ष ग्रंथपाल असे चौघे न्या. ग्रंथपालाला बोलू द्या. आपल्या वेतनाचा आकडा त्याने स्वतः सांगितला तर तो वेगळ्या गांभीर्याने ऐकला जातो, आणि त्याला तिथे बसवून त्याच्या वतीने दुसऱ्याने बोलणे हे त्याच्या प्रतिष्ठेलाही शोभत नाही. भेट आमदारांच्या गावातील कार्यालयात, अधिवेशन नसताना घ्यावी. त्याहून चांगले म्हणजे त्यांना अभ्यासिका भरलेली असते त्या संध्याकाळच्या वेळी वाचनालयात बोलवावे, हारतुरे आणि भाषणे टाळून त्यांना देवघेवीच्या टेबलाजवळ बसवावे आणि नोंदवही त्यांच्यापुढे ठेवावी.

‘आता सगळे मोबाइलवर मिळते, वाचनालयात कोण येते?’ हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. त्याला वाचनसंस्कृतीवरचे भाषण हे उत्तर नव्हे. देवघेव नोंदवहीतील मागील तीन वर्षांचे मासिक आकडे दाखवा. ते घसरलेले असतील तर लपवू नका. नवीन पुस्तकांची खरेदी कोणत्या वर्षी किती होती ते शेजारी लिहा, म्हणजे खरेदी घटली आणि वाचक घटले या दोन गोष्टींचा संबंध डोळ्यांसमोर येतो. अभ्यासिकेचा आकडा वेगळा द्या, कारण घरात दोन खोल्या आणि सात माणसे असणाऱ्या मुलाला दिवसभर बसण्यासाठी टेबल, पंखा, दिवा आणि शांतता कोणताही मोबाइल देत नाही. खेड्यापाड्यांतील आमदारांना हे समजावून सांगावे लागत नाही. त्यांच्याकडे पोलीस भरतीची आणि तलाठी भरतीची मुले रोज येतात.

एक कठीण गोष्टही लिहिली पाहिजे. मे 2012 मध्ये शासनाने महसूल यंत्रणेमार्फत राज्यातील ग्रंथालयांची विशेष पडताळणी केली होती. तीत अनेक ठिकाणी त्रुटी आढळल्या, काही ग्रंथालये केवळ कागदावर असल्याचे दिसले, आणि त्यानंतर नवीन ग्रंथालयांना मान्यता व दर्जावाढ देण्याचे काम दीर्घकाळ थांबले. प्रामाणिकपणे चालणाऱ्या हजारो वाचनालयांना त्याची किंमत मोजावी लागली. मंत्रालयात आजही अनुदानवाढीचा विषय निघाला की कोणी तरी त्या पडताळणीची आठवण काढतो. म्हणून अनुदान मागायला जाण्याआधी आपली दाखलनोंदवही, देवघेव नोंदवही, सेवकांच्या वेतनाच्या बँक नोंदी, लेखापरीक्षण अहवाल आणि धर्मादाय आयुक्त कार्यालयातील बदल अर्ज (विश्वस्त मंडळातील बदलांची नोंद) हे सर्व अद्ययावत असले पाहिजे. त्यापुढे जाऊन, तालुक्यातील एखादे वाचनालय बंद पडूनही अनुदान घेत असेल तर ते आपल्या यादीत धरू नका. त्या एका नावामुळे उरलेल्या सर्वांची मागणी संशयास्पद ठरते. पडताळणीला विरोध करण्यापेक्षा ‘दर तीन वर्षांनी पडताळणी करा आणि दर तीन वर्षांनी दर सुधारा’ अशी जोडमागणी करणे मला अधिक न्याय्य वाटते, आणि वित्त विभागाकडे तिचा विचार होण्याची शक्यताही जास्त असते.

पाठपुराव्याविषयी फार लिहीत नाही, पण दोन गोष्टी आवर्जून करा. पत्र दिले की आवक क्रमांक घ्या, आणि ते पुढे विभागातील कोणत्या कार्यासनाकडे (टेबलाकडे) गेले व त्यावर नस्ती, म्हणजे फाइल, उघडली का, हे महिन्याभरात विचारा. नस्ती वित्त विभागाकडे गेली असेल तर तेथे कोणता आक्षेप निघाला हे समजून घ्या आणि त्या आक्षेपाचे लेखी उत्तर आमदारांच्या सहीने पाठवा. दुसरे, सत्ताधारी आणि विरोधी दोन्ही बाजूंच्या सदस्यांना एकच कागद द्या. वाचनालय ही सार्वजनिक विश्वस्त संस्था आहे. निवडणुकीत तिने कोणाच्या बाजूने उभे राहू नये, आणि कार्यकारी मंडळातील कोणी एखाद्या पक्षात सक्रिय असेल तर त्याने शिष्टमंडळाचे नेतृत्व करू नये. सरकार बदलते, आमदार बदलतात, आणि काल विरोधी बाकांवर असलेला सदस्य उद्या त्याच विभागाचा मंत्री होऊ शकतो.

आता ग्रंथालय कराचा प्रश्न. या मागणीला जुनी परंपरा आहे. 1948 च्या मद्रास कायद्यापासून अनेक राज्यांनी मालमत्ता करावर ग्रंथालय अधिभार लावला. आज तमिळनाडूत तो दहा टक्के, कर्नाटकात सहा टक्के आणि केरळात पाच टक्के आहे. आपल्या 1967 च्या कायद्यात मात्र असा कर नाही. अनुदान संपूर्णपणे शासनाच्या वार्षिक तरतुदीवर अवलंबून आहे. हे विशेष वाटते, कारण देशातील पहिला ग्रंथालय कायदा 1945 मध्ये कोल्हापूर संस्थानात झाला आणि सार्वजनिक पैशातून मोफत ग्रंथालयांचे जाळे सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात त्याच्याही कितीतरी आधी, 1910 पासून उभे राहू लागले होते. तत्त्वतः मी कराच्या बाजूचा आहे. तरीही पहिली मागणी म्हणून तो पुढे करू नये असे माझे मत आहे. नवीन कर लावण्याची जबाबदारी कोणताही आमदार सहजासहजी घेत नाही. शिवाय कर लावला म्हणजे पैसा ग्रंथालयांपर्यंत पोहोचतोच असे नाही. कर्नाटकात महापालिकांनी नागरिकांकडून अधिभार वसूल केला, पण तो ग्रंथालय खात्याकडे वेळेवर वर्ग केला नाही, अशी तक्रार वारंवार झाली आहे. आपल्या व्यवस्थेत तर आणखी एक अडचण आहे. मालमत्ता कर मुख्यतः शहरांत गोळा होतो, आणि आपली बहुतेक ‘क’ व ‘ड’ वर्ग वाचनालये खेड्यांत आहेत. शहराचा पैसा खेड्याच्या वाचनालयाला देण्याची तरतूद कायद्यात स्पष्ट नसेल, तर या करातून आपल्या वाचनालयाच्या वाट्याला काहीच येणार नाही.

त्याऐवजी अधिक साधी आणि अधिक टिकाऊ अशी एक मागणी आहे, आणि माझ्या मते सर्व संघांनी पुढील काही वर्षे तिच्यावरच लक्ष द्यावे. आपल्या अधिनियमात राज्य शासनाने ग्रंथालय निधीत दरवर्षी किमान 25 लाख रुपयांचा वाटा द्यावा, असे म्हटले आहे. 1967 मध्ये ही रक्कम अर्थपूर्ण असेल. आज अकरा हजार ग्रंथालयांत ती वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाला सव्वादोनशे रुपयांच्या आसपास येतात. प्रत्यक्षात शासन यापेक्षा कितीतरी अधिक देते, हे खरे आहे. पण कायद्याने बंधनकारक आहे ते एवढेच, बाकी सगळे दरवर्षीच्या मर्जीवर आहे, आणि म्हणूनच अनुदानाचे दर सलग दहा वर्षे गोठलेले राहू शकले. या कलमातील ठोकळ रक्कम काढून तिच्या जागी मागील वर्षीच्या प्रत्यक्ष खर्चाशी आणि ग्राहक मूल्य निर्देशांकाशी बांधलेले किमान अंशदान घालावे, एवढी एकाच कलमाची दुरुस्ती अशासकीय विधेयकाच्या रूपाने कोणीही आमदार मांडू शकतात. अशासकीय विधेयके क्वचितच मंजूर होतात, परंतु ते सादर झाले की विभागाला त्यावर अभिप्राय तयार करावा लागतो, आर्थिक भार मोजावा लागतो आणि आपली भूमिका कागदावर घ्यावी लागते. आपल्या आमदारांना कायद्याच्या मसुद्यात रस असेल, तर त्यांना या कलमाची प्रत आणि वर दिलेले दोन हिशोब एवढेच घेऊन भेटा. दुरुस्तीचा मसुदा तयार करण्यासाठी जिल्हा संघाने एखाद्या वकील सभासदाची मदत घ्यावी. बहुतेक जुन्या वाचनालयांच्या सभासद यादीत असे एक तरी नाव सापडते.